पत्रानं आवतण होत नाही

नॉयवाल्ड, ॲडलेडच्या डोंगरात
शुक्रवार, ३ जानेवारी

फ्रीडा,

हे आवतण नाही, हे आधीच सांगून टाकतो. पत्रानं आवतण होत नाही, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. आवतण्यानं काळा कोट घालायचा, टोपीला फुलं खोचायची, फितींची काठी घेऊन उंबऱ्याशी उभं राहायचं आणि तोंडानं म्हणायचं. मग घरच्या बाईनं काठीला फीत बांधायची, घोटभर प्लमची दारू द्यायची, तेव्हा कुठे ते घर उन्हाळी उत्सवाला बोलावलं गेलं असं धरायचं. आजोबांनी असंच केलं, पप्पांनी असंच केलं, आणि मी एकोणतीस वर्षं हेच करतोय. तेव्हा हे नुसतं खुशालीचं पत्र आहे.

खुशाली अशी: माझा डावा खुबा बदलला. नवा धातूचा आहे, थंडीत आधी तोच उठतो आणि मग मला उठवतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चढउतार बंद. मी म्हटलं, बाई, नॉयवाल्डमध्ये चढउताराशिवाय आहे काय? चेरी यंदा डिसेंबरच्या पावसानं तडकल्या, अर्ध्या झाडावरच पोपटांनी संपवल्या. वाल्मा ठणठणीत आहे. तुझा पत्ता तिनंच दिला. नाताळाला तुम्हा नणंद-भावजयींची कार्डं इतकी वर्षं जातात-येतात हे मला या नाताळात कळलं. माझ्याच घरात, माझ्याच टपालपेटीतून! असो.

उत्सव पंचवीस तारखेला, शनिवारी. अठराला मी घरोघर फिरणार. हे माझं शेवटचं. पुढच्या वर्षी काठी कुणाकडे जाणार देव जाणे. समितीतल्या पोरी म्हणतात, आता ईमेलच पाठवू या, एका झटक्यात सगळ्यांना. मी म्हटलं, पाठवा, आणि फीत कशाला बांधाल? त्या हसल्या. मला वाटलं त्यांना पटलं, पण त्या बहुतेक मलाच हसल्या.

अकरा वर्षांनी याला आत्ताच कुठून पाझर फुटला, असं तू म्हणशील. मलाही नीट सांगता येत नाही. शेवटचं वर्ष म्हटल्यावर माणूस घरं मोजतो, आणि मोजताना एक कमी पडतं.

त्या वर्षी काय झालं ते एवढंच: ऊन मरणाचं होतं. त्रेचाळीस अंश. प्रत्येक घरी एक पेला, आणि कोट तो काळा लोकरीचा. तुझं घर सगळ्यांत शेवटी, वरच्या वळणावर. माझं डोकं गरगरत होतं आणि मी विसरलो. माणूस विसरतो, फ्रीडा.

आर्नो

---

बुधवार, ८ जानेवारी

फ्रीडा,

तुझं उत्तर नाही. मीही तसं मागितलं नव्हतं म्हणा.

एक पेच पडलाय. समितीची यंदाची प्रमुख टॅमसिन क्लाइनिग आहे, शाळेत शिकवते ती, सायकलवरून येते आणि सायकलवरूनच बोलते. काल मी शिडीवर असताना फाटकातून ओरडली, "आर्नो, तुमच्याकडे ती घरांची जुनी वही आहे ना? आजोबांची? यंदा सभागृहात वारशाचा कोपरा करतोय. लोकांना पणजोबांचं नाव शोधायला केवढी मजा येईल!"

मी म्हटलं, "आहे. म्हणजे, असेल."

"असेल काय? दर वर्षी तीच घेऊन फिरता की तुम्ही!"

आता हिला काय सांगू? वही काळ्या पुठ्ठ्याची, आजोबांच्या अक्षरातली, घरं चालायच्या क्रमानं लावलेली, हे सगळं छानच आहे. पण शेवटच्या पानाच्या मागे तो कागद आहे. ममा गेल्यावर तुला तिच्या कपाटाच्या खणाखाली सापडला तो. त्या सभेनंतर मी तो तुझ्या हातून घेतला, वहीत घातला, आणि तेव्हापासून वही छातीशी धरून फिरतोय.

काल तो पुन्हा काढून वाचला. एकोणीसशे पंधरा सालचा. लढाई चाललेली, आपली माणसं इथं साठ-सत्तर वर्षं राहिलेली, तरी जर्मन म्हणून संशयाची. सार्जंट आला आणि गावातली घरं कुठली कुठली ते विचारू लागला. ज्याला प्रत्येक उंबरा तोंडपाठ असा माणूस एकच, आवतण्या. आजोबांनी वहीवरून नक्कल करून दिली. आणि नऊ नावांपुढे फुल्या. त्या नऊ घरांतली माणसं बेटावरच्या कैद्यांच्या छावणीत गेली. एक फुली गॉटहोल्ड विटवरच्या नावापुढे आहे. सख्ख्या भावाच्या.

मला यातलं काही कळत नाही. वर लिहिलंय, "सार्जंटसाहेबांच्या मागणीवरून". म्हणजे मागितलं. मागितल्यावर माणूस काय करणार? बायको, चार पोरं, झाडाला लागलेली फळं. पण मागितली होती ती घरं. फुल्या कुणी मागितल्या होत्या? की फुल्या नंतर सार्जंटनं मारल्या आणि नक्कल आजोबांनी ठेवली? पेन्सिल तीच दिसते. मग वाटतं, पेन्सिली सगळ्या सारख्याच दिसतात. मी भिंग घेऊन बसलो तर वाल्मा म्हणाली, "टपाल तिकिटं जमवायला लागलास की काय?"

त्या वर्षी तुला तो कागद उत्सवात फळ्यावर लावायचा होता. सभेत उभी राहून तू तो वाचलास, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नऊच्या नऊ नावं. ती नऊच्या नऊ आडनावं समोर खुर्च्यांवर बसली होती, फ्रीडा! कुणी अवाक्षर काढलं नाही. क्लेम नोस्के तर माझ्याकडे असा बघत होता की मी खाली बुटांकडेच बघत बसलो. मग खुर्च्या सरकल्या आणि सगळे चहाला उठले. आपल्या घराण्याचं नाव तू भर सभेत धुतलंस आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी मला त्याच नऊ दारांशी जाऊन उभं राहायचं होतं. याचा विचार केला होतास?

आणि खरं सांगायचं तर तुझ्याकडे यायचं नाही हे माझ्या डोक्यातलं नव्हतंच. वाल्मा म्हणाली होती, या वर्षी फ्रीडाकडे नको, लोक तोंडावर दार लावतील. तिचं ऐकलं. बायकोचं ऐकणं हा काही गुन्हा नाही.

टॅमसिनला शुक्रवारी वही द्यायची आहे. कागद काढून ठेवू की राहू देऊ, तू सांग. म्हणजे सांगू नकोस. मी आपला विचारतोय.

आर्नो

---

रविवार, १२ जानेवारी

फ्रीडा,

मागच्या पत्रात एक चूक आहे. पत्र टाकायला मी वाल्माच्याच हाती दिलं आणि पाकीट चिकटवायचं विसरलो. तिनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून सगळं वाचलं. मग चिकटवलं, टाकलं आणि घरी येऊन पीठ मळायला घेतलं. त्या पिठाचे जे हाल झाले ते बघून मी समजलो.

"मी म्हणाले होते? मी?"

"अगं, म्हणजे साधारण..."

"साधारण काय? त्या संध्याकाळी मी तुला विचारलं, फ्रीडाकडे गेलास ना? तू कोट काढता काढता 'हो' म्हणालास. दोन दिवसांनी बेकरीत मला कळलं की गेला नव्हतास. पाव न घेता परत आले मी. तेव्हापासून तिला कार्ड पाठवते, कुणीतरी पाठवायला नको?"

"मग पत्र टाकलंस कशाला? फाडायचं होतंस."

"कशाला फाडू? तुझं खोटं तुझ्या अक्षरात जाऊ दे तिच्याकडे. आता दुसरं लिही."

तर हे दुसरं. वाल्मा काही म्हणाली नव्हती. ते मी का लिहिलं मला समजत नाही. लिहिताना खरंच वाटत होतं.

तुझी ओळ शुक्रवारी आली, तीही वाल्माच्या नावानं: "आर्नोला सांग, त्या दिवशी ऊन नव्हतं. पाऊस भुरभुरत होता." बस. अकरा वर्षांनी बहिणीचं अक्षर बघतोय तर हवामानखात्याचा निरोप!

मी हसलो, म्हटलं हिला आठवत नाही. मग बागेची डायरी काढली. पावसाची नोंद मी रोज करतो हे तुला माहीतच आहे. त्या शनिवारी माझ्याच अक्षरात: बावीस अंश, दिवसभर रिमझिम, चेरीवर ताडपत्री. मी ते पान उलटसुलट करून पाहिलं. मला तर घाम आठवतो, फ्रीडा. मानेवरून कोटाच्या आत जाणारा घाम अजून आठवतो. तो पाऊस होता?

आता मला माझ्या कुठल्याच आठवणीचा भरवसा वाटेना झालाय. पप्पांनी काठी दिली तेव्हा ते रडले होते असं मी एकोणतीस वर्षं सांगत आलोय. रडले होते का? तू होतीस तिथं. तुला आठवत असेल तर कळव. हवामानासकट कळव.

टॅमसिनला वही दिलेली नाही. खुबा दुखतोय असं सांगून दार लावून घेतलं. वही काय खुब्यात ठेवलीय, असं ती म्हणाली नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं.

आर्नो

---

रविवार, १९ जानेवारी

फ्रीडा,

काल फेरी झाली. लिहायचं खूप आहे आणि कुठून सुरू करू ते समजत नाही. सरळ चालायच्या क्रमानं लिहितो.

खाली चर्चपासून निघालो. यंदा समितीनं पुरुषांसाठी चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या मागवल्यात, हिरव्या पट्ट्यांच्या. आपले लोक मूळचे सायलेशियातले, जर्मन मुलखाच्या पार दुसऱ्या टोकाचे, काळ्या कपड्यांतले, गुडघा म्हणजे काय ते फक्त लग्नानंतर बघणारे! टॅमसिनचा नवरा त्या चड्डीत दार उघडायला आला आणि मी निमंत्रणाची पहिली ओळच विसरलो. तो बिचारा म्हणाला, "काका, बरोबर आहे ना हे?" मी म्हटलं, "म्यूनिकला बरोबर असेल." फीत त्यानंच बांधली, टॅमसिन सॉसेजच्या शेगड्यांचं बघायला गेली होती. यंदा वणव्याचा इशारा आला तर कोळसा बंद, सगळं गॅसवर. दर वर्षी हेच रडगाणं.

तुला माहीत आहे, आवतणाची कडवी बारा आहेत आणि हल्ली बारा कुणालाच नको असतात. दुसऱ्या कडव्यानंतर लोक "पुरे पुरे, या आत" म्हणतात. सगळी ऐकणारं घर एकच, क्लेम नोस्केचं. क्लेम एक ओळ सोडू देत नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की गावात रीतीची चाड असलेला हा एकच माणूस उरलाय. तसं मी त्याच्या वाढदिवसाच्या भाषणातही बोललोय.

काल मी म्हटलं, "क्लेम, खुबा बदललाय. दोन कडव्यांवर भागव."

"खुबा बदलला, जीभ तीच आहे ना? सगळी."

सगळी म्हटली. त्यानं दाराला हात लावून, डोळे मिटून ऐकली. बायको आहे माहेरी, म्हणून फीत त्यानंच बांधली. पेला दिला. मला बसायला खुर्ची आणली. आणि मी, फ्रीडा, का कोण जाणे, विचारलं, "तुलाच रे एवढी हौस कशी?"

त्यानं बाटलीला बूच लावलं. "तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"हौस कसली, लेका. आमच्या आजोबांनी घालून दिलंय हे. छावणीतून परत आले तेव्हा छाती पार गेली होती त्यांची. उत्सव पुन्हा सुरू झाला आणि तुझा आजोबा ही काठी घेऊन दारात उभा. आजी म्हणाली, दार लावा. आजोबा म्हणाले, नको, येऊ दे त्याला. पण पूर्ण म्हणायचं, माझ्या तोंडाकडे बघून. एक ओळ गळली की पहिल्यापासून. त्या वर्षी त्यानं तीनदा पहिल्यापासून म्हटलं म्हणतात. मग आजीनं फीत बांधली."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? फुल्यांचं?"

"नऊ घरांना माहीत होतं. तुमच्या गॉटहोल्डच्या घराला धरून."

"आणि फ्रीडानं वाचलं तेव्हा तोंडातून शब्द काढला नाहीत!"

"आम्ही काय काढणार? आम्ही तुझ्याकडे बघत होतो. आवतण्या तू. मला वाटलं तू उठशील, काहीतरी म्हणशील. एक वाक्य. मी माझ्या मनात म्हणत होतो, ऊठ, आर्नो. तू बूट बघत बसलास. मग आम्ही चहाला गेलो."

एवढं सांगून तो काकड्यांचं बोलायला लागला. त्याची यंदाची शेपूची लोणची काकडी पहिलं बक्षीस घेणार म्हणे, द्राक्षाची पानं तळाशी घातलीत. मी हो हो म्हणत होतो.

मला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. मी ज्याला मान म्हणत आलो तो मान होता की शिक्षा होती? शिक्षा असेल तर फीत का बांधली? माफी असेल तर सगळी कडवी का? क्लेमला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय माहीत? मी दार उघडतो." आणि मी मेला त्या शनिवारी कुणाला घाबरत होतो? कोणतं दार माझ्या तोंडावर लागणार होतं? एकही लागणार नव्हतं. सगळ्यांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट लपवायला मी तुला गाळलं.

पुढची घरं कशी केली आठवत नाही. शेवटी तुझं घर. तू गाव सोडल्यापासून तिथं मेणबत्त्या करणारं जोडपं राहतं, ॲडलेडहून आलेलं. दर वर्षी मी त्यांच्या दारात म्हणतो आणि ती बाई रेशमाची फीत बांधते, मोठ्या आनंदानं, फोटो काढून. काल मी दुसऱ्या कडव्यावर थांबलो. ती म्हणाली, "पुढचं नाही?" मी म्हटलं, पुढचं तुमचं नाही. बिचारीला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय.

आज चर्च सुटल्यावर टॅमसिनला वही दिली. कागदासकट. तिनं तिथंच बाकावर बसून वाचला, आणि पहिल्यांदाच ती सायकलवर बसल्यासारखी बोलली नाही.

"हे थोडं... कुटुंबांचा दिवस असतो, आर्नो. लहान मुलं असतात."

क्लेम मागे उभा होता. म्हणाला, "मुलांना काकड्याही आवडत नाहीत. त्या मांडताच ना?"

तेव्हा कागद आता काचेत घालून लोणच्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर लागणार आहे, कारण खिळा तिथंच आहे. शनिवारी दहा वाजता तो कुणीतरी मोठ्यानं वाचायचा असं ठरलं. कुणी, ते ठरलं नाही. सगळे पुन्हा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ज्यानं आधी वाचला त्याचा हक्क." वाल्मानं माझा दंड इतका घट्ट धरला की अजून वळ आहे.

वाचायचं तर तुला इथं यायला हवं. यायचं तर तुला आवतण हवं. आणि पत्रानं ते होत नाही.

आर्नो

---

माउंट गॅम्बियर, तुझी गल्ली
मंगळवार, २१ जानेवारी, सकाळचे नऊ

फ्रीडा,

हे गाडीत बसून लिहितोय, गुडघ्यावर वाल्माचं पुस्तक धरून. अक्षराला हसू नकोस.

काल दुपारी निघालो. साडेचार तास, आणि दर तासाला खुब्यासाठी थांबा. मोटेलवाल्यानं आज सकाळी मला काळ्या कोटात पाहिलं आणि म्हणाला, "फार वाईट झालं. जवळचं कुणी होतं का?" मी म्हटलं, बहीण. मग टोपीवरची फुलं त्याला दिसली आणि त्याचा गोंधळ उडाला. मी काही उलगडा केला नाही, माझाच झालेला नाही.

आठ वाजता तुझ्या दाराशी उभा राहिलो. आत रेडिओ चालू होता. तो बंद झाला, म्हणजे तू मला पाहिलंस. मी सुरू केलं. हेही तुला माहीत आहे, तू आत होतीस, पण मी कुणाला तरी सांगायला हवं आणि तुझ्याशिवाय कोण आहे? समोरच्या घरातला माणूस कुत्रा घेऊन बाहेर आला आणि फुटपाथवर उभाच राहिला. मी एक ते आठ बिनचूक म्हटली. नवव्यात अडकलो. पाव आहे, मीठ आहे, बाकावर जागा आहे, आणि पुढे काही नाही. सगळं पुसल्यासारखं. एकोणतीस वर्षं म्हटलेलं. मी उंबऱ्याशी तोंड उघडं टाकून उभा, आणि कुत्रासुद्धा बघतोय.

तेव्हा आतून तू म्हणालीस, "चमचे आणि सुऱ्या आपापल्या, आर्नो. मग कुत्री बांधून ठेवा."

आवाज जाड झालाय तुझा. ममासारखा झालाय.

उरलेली कडवी मी कशी म्हटली ते त्या कुत्रेवाल्याला विचार. संपल्यावर थांबलो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काही नाही. दार उघडलं नाहीस. फीत नाही, पेला नाही. मी पाचएक मिनिटं थांबलो आणि गाडीत येऊन बसलो.

आता मला सांग, हे आवतण झालं की नाही? दार उघडलं नाही म्हणजे झालं नाही. पण शब्द तूच पुरवलेस, आणि बोलावलेल्यानंच आवतण पुरं करून दिलं तर काय धरायचं, हे पप्पांनी मला सांगितलेलं नाही.

पण मी हे लिहायला बसलो ते यासाठी नाही. जे सांगायला चारशे किलोमीटर आलो ते मी दाराशी सांगितलंच नाही. बारा कडवी म्हटली आणि तेवढं राहिलं. कडवी पाठ असतात, त्यांच्यामागे लपायला बरं पडतं. वाल्माला आजवर सांगितलेलं नाही. क्लेमलाही नाही.

मी विसरलो नव्हतो. कुणी सांगितलंही नव्हतं. त्या शनिवारी मी तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो. पाऊस होता, तुझं बरोबर आहे. फाटकाच्या कडीवर हात ठेवला, आणि मनात आलं की ही फीत काठीला लागली तर पुढच्या वर्षी उरलेली सगळी सुटतील. एवढंच. याहून मोठा विचार नव्हता. तेवढ्यात तुझं दार वाजलं, आणि मी बाजूच्या हायड्रेंजियाच्या झुडपामागे खाली बसलो. एकोणसाठ वर्षांचा माणूस, फुलांची टोपी घालून, काठी आडवी मांडीवर धरून.

तू फाटकाशी आलीस. मला पानांमधून तुझे बूट दिसत होते, चर्चला घालायचे. तू रस्त्याकडे बघत राहिलीस, मग आत गेलीस. मला वाटलं सुटलो. पण तू परत आलीस, हातात छत्री आणि खांद्यावर टॉवेल. टॉवेल माझ्यासाठी होता. तुझा नवरा कर्टिस वारून दोन वर्षं झाली होती, त्या घरात टॉवेल लागणारं दुसरं कुणी नव्हतं. किती वेळ उभी होतीस मला सांगता येणार नाही, माझे पाय मेले होते. आणि मग तू म्हणालीस, कुणालाच नाही, आपलीच आपल्याशी, "येईल. भिजला असेल बिचारा, कुठंतरी थांबला असेल."

मी हातभर अंतरावर होतो, फ्रीडा. हात लांब केला असता तर तुझ्या बुटाला लागला असता. मी तू आत जाईपर्यंत बसून राहिलो.

हे पत्र दाराखालून सरकवतो. गाडी तुझ्या दारासमोर लावली आहे, खिडकीतून दिसेल अशी. काच खाली आहे आणि मी आत बसलेलो आहे.

आर्नो